चोखोबाच्या समाधीपासून देहूरोडपर्यंत

सुट्टी जवळ आली की आमच्या कोथरूडमध्ये 'यंदा कुठे?' हा प्रश्न घरोघर निघतो आणि उत्तर बहुधा आठवणीतच तयार असते. आजोबा नेत असत म्हणून गुहागर, आईवडील लग्नानंतर गेले होते म्हणून महाबळेश्वर. यात वावगे काहीच नाही. परंतु ही निवड इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यामागे एक इतिहास आहे याचाच विसर पडतो. गावाची आठवण गोड असायला गावात घर लागते, घराला पडवी लागते, विहिरीवर पाणी शेंदण्याचा हक्क लागतो. ज्यांचे मूळ गाव म्हणजे गावकुसाबाहेरचा महारवाडा, त्यांनी सुट्टीत कोणत्या गोड आठवणीचा माग काढत जायचे? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याविषयी कठोर उद्गार काढले, ते अनेक सभासदांना रुचले नाहीत. आमच्या आजोबांच्या पिढीला त्यात नवे काही नव्हते.

तरीही एक गोड आठवण आमच्या घरांत होती आणि ती पंढरपूरची होती. हे सांगताना आपल्यातले काही कार्यकर्ते अवघडतात. मी इतिहास शिकवतो, मला अवघडून चालत नाही.

माझी आजी लहानपणी, १९४७ च्या आधी, बापाबरोबर वारीला गेली होती. ती सांगे ते सारे वाटेविषयी आणि वाळवंटाविषयी : चंद्रभागेतली आंघोळ, रात्रभर चाललेली भजने, बापाने घेऊन दिलेल्या बांगड्या. देवाचा विषय निघाला की ती एवढेच म्हणे, "आमी चोखोबापाशी थांबायचो. तिथनं कळस दिसायचा." तिच्या आवाजात तक्रार नसे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखामेळा गेला आणि नामदेवाने त्याच्या अस्थी आणून महाद्वारासमोर ठेवल्या, अशी परंपरा आहे. त्या समाधीपर्यंतच आमच्या माणसांची वारी. पंधरा-वीस दिवस महारकीच्या कामातून सुटका, हाकाट्या नाहीत, मेलेली ढोरे ओढणे नाही. आजीच्या आठवणीतला गोडवा मला तरी या सुटकेचा वाटतो. साने गुरुजींनी १ ते १० मे १९४७ असे दहा दिवस उपोषण केले आणि त्याच वर्षी मंदिर खुले झाले. पण तोवर बाबासाहेबांची वाट वेगळी झालेली होती.

रमाबाईंचीही पंढरपूरला जाण्याची फार इच्छा होती, हे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. जे पंढरपूर भक्तांना देवापासून लांब ठेवते ते काय कामाचे, आपण आपल्या सेवेने आणि त्यागाने दुसरे पंढरपूर निर्माण करू, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उत्तर होते. रमाबाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. त्यांना ना ते पंढरपूर दिसले, ना दुसरे.

दुसरे पंढरपूर म्हटले की नागपूरची दीक्षाभूमी किंवा दादरची चैत्यभूमी डोळ्यांपुढे येते. मी मात्र देहूरोडकडे बोट दाखवतो. शिवाजीनगरहून लोकलने दापोडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि मग देहूरोड. तुकोबांचे देहू तिथून जवळच. लष्करी छावणीच्या या वस्तीत अस्पृश्यांनी आपले बुद्धविहार उभे केले आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते तिथे रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवण्यात आली. मनुस्मृती जाळली तो दिवसही २५ डिसेंबरच, साल १९२७, ठिकाण महाड. धर्मांतराला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. त्या सभेत बाबासाहेब म्हणाले की पंढरपूरची विठोबाची मूर्ती ही वस्तुतः बुद्धाची आहे. त्यावर आपण प्रबंध लिहिणार असून तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळापुढे वाचणार आहोत, असेही त्यांनी जाहीर केले. तो प्रबंध मंडळात कधी वाचला गेला नाही. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीवरून जाताना मला दर वेळी वाटते की ती सभा व्हायला हवी होती. खंडन करायला कोण कोण उठले असते, ते तरी इतिहासात राहिले असते!

विधान खरे की खोटे? मराठी संतांनी विठ्ठलाला बुद्धावतार मानले, जुन्या चित्रांत दशावतारांतल्या नवव्या जागी विठ्ठल दिसतो, हे कोणी नाकारत नाही. पण यावरून मूर्ती बुद्धाची ठरत नाही. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या लोकदेवात शोधले आहे, आणि पुराव्याच्या दृष्टीने मला ते अधिक पटते. बाबासाहेबांचे विधान म्हणून माझ्या लेखी लहान होत नाही. त्या सभेत चोखोबापाशी थांबलेल्या पिढीतलेच लोक बसले होते. तुमची ती वाट वेडेपणाची होती, असे बाबासाहेब त्यांना म्हणाले नाहीत. तुम्ही ज्याला भेटायला जात होता तो तुमचाच होता, मधल्या लोकांनी त्याचे नाव बदलले, असे त्यांनी सांगितले. आठवण टाकून द्यायला न लावता त्यांनी तिचा पत्ता बदलून दिला. १९५६ नंतर माझ्या आजोबांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हा आजी आडवी आली नाही, त्याचे कारण मला इथे सापडते. बावीस प्रतिज्ञा तिला पाठ होत्या आणि वाळवंटातली भजनेही. दोन्ही ती एकाच आवाजात म्हणे.

आमच्या मुलांच्या वाट्याला जी गोड आठवण आली ती देहूरोडची. वडील दर वर्षी २५ डिसेंबरला नेत. फडक्यात भाकरी आणि ठेचा, स्टेशनापासून पायी, विहाराबाहेर पुस्तकांची आणि कॅलेंडरांची दुकाने. मला पहिले स्वतःचे पुस्तक तिथल्याच दुकानातून मिळाले. माझ्या मुलीला नाताळच्या सुट्टीत समुद्र हवा असतो. समुद्रही दाखवतो, पण २५ तारखेनंतर.

आजी आता नाही. यंदा आईने, म्हणजे तिच्या सुनेने, एक मागणी केली आहे : सासूबाई थांबायच्या ती जागा एकदा बघायची आहे. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे पिढीजात हक्क गेले. दार तर १९४७ पासूनच उघडे आहे. मी एसटीची वेळ पाहून ठेवली आहे. चोखोबाच्या समाधीपुढे आत जायचे की तिथूनच परतायचे, हे आईने अजून ठरवलेले नाही आणि मीही तिला विचारलेले नाही.