मोडी कागदांतील कानानें शिकलेली इंग्रजी

पेशवाईच्या अखेरच्या व कंपनी सरकारच्या आरंभीच्या मोडी कागदांत इंग्रजी शब्द वारंवार आढळतात. वाचणाराची नजर त्यांवरून सहसा घसरून जाते आणि छापणारा कित्येकदां त्यांस अशुद्ध समजून आजच्या वळणावर नेऊन बसवितो. फारशी शब्दांचें दैव याहून बरें. शिवकालीं राज्यव्यवहारकोश रचला गेला तो त्यांस संस्कृत प्रतिशब्द देण्याकरितांच. पुढें राजवाडे यांनीं जुन्या पत्रांतील फारशी शब्द मोजून भाषेच्या स्थित्यंतराचा हिशेब मांडला. इंग्रजी शब्दांच्या वांट्यास एवढें लक्ष आलें नाहीं. आमच्या लोकांनीं नित्याच्या व्यवहारांतील इंग्रजी प्रथम कोठें व कशी उचलली, याचा अस्सल पुरावा या ‘अशुद्ध’ रूपांतच आहे, असें आम्हांस वाटतें. व तो नष्ट होऊं नये एवढ्यासाठीं हें टांचण आहे.

आरंभीं इंग्रजी ही दुभाष्याची विद्या होती. इ. स. १६७४ मध्यें राज्याभिषेकाचे वेळीं हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, त्या वकिलातींत कंपनीचा दुभाषी नारायण शेणवी होता. पुढें इ. स. १७८६ मध्यें चार्लस मॅलेट पुण्यास रेसिडेंट होऊन आला, तरी राजकीय पत्रव्यवहारास फारशीचा आधार होताच. दरबारच्या मुत्सद्द्यास इंग्रजीवांचून अडत नव्हतें. ज्यास अडत होतें तो बंदरावरचा हमाल, साहेबाच्या घरचा चाकर आणि पलटणींतला शिपाई. यांस ना पुस्तक, ना पंतोजी. कानावर पडेल तें तोंडीं बसवावें, एवढाच त्यांचा अभ्यास.

या अभ्यासाचें उत्तम उदाहरण पहाऱ्यावरचें आहे. रात्रीं कोणी जवळ आला म्हणजे इंग्रजी पलटणींतील पहारेकऱ्यानें ‘हू कम्स देअर’ असें दरडावून विचारावें, अशी शिस्त. देशी शिपायाच्या तोंडीं त्याचें ‘हुकुमदार’ झालें. येथें एक शब्द नव्हे, तर सबंध प्रश्नवाक्य उचललें गेलें आहे. शिपायास त्यांतील एकेक पदाचा अर्थ ठाऊक नसेल. परंतु तें केव्हां उच्चारावें, कोणत्या आवाजांत उच्चारावें आणि उत्तर न मिळाल्यास काय करावें, हें पक्कें ठाऊक होतें. वाक्प्रचार शिकणें याहून निराळें तें काय? शिवाय हें वाक्य हवालदार, जमादार, सुभेदार या ओळखीच्या सांच्यांत सहज बसलें. मोडींत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं व ऱ्हस्वदीर्घाचा भेदही नाहीं. तेव्हां असा शब्द एखाद्या कागदांत आला, तर हुकूम चालविणारा कोणी अंमलदार होता असें समजून वाचक एक नवा हुद्दा निर्माण करील, ही भीति खरी आहे.

इतर शब्दांतही कानाचा नियम दिसतो. इ. स. १७७९ च्या जानेवारींत कार्ल्याजवळ पडलेला कप्तान स्टुअर्ट मराठ्यांच्या तोंडीं ‘इष्टूर फाकडा’ झाला. आरंभींचा जोड ‘स्ट’ जिभेस जड, म्हणून पुढें ‘इ’ आला. ‘ट’च्या शेजारीं ‘स’चा ‘ष’ झाला. याच न्यायानें लॉर्डाचा लाट, रिक्रूटचा रंगरूट आणि टंबलरचें टमरेल झालें. टमरेल तर इतकें घरचें झालें कीं त्याचें मूळ सांगितल्यास ऐकणारा हंसतो.

मात्र परकी दिसणारा प्रत्येक शब्द इंग्रजांच्या पदरीं बांधूं नये. कोंकणपट्टींत पोर्तुगीजांचा वावर इंग्रजांपूर्वीं शंभरावर वर्षें होता. मुंबई कंपनीच्या हातीं आली ती इ. स. १६६८ मध्यें. चावी, पगार, पाव, फीत, लिलाव हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. इंग्रजी ‘ट’ मराठी कानास मूर्धन्य लागतो व पोर्तुगीज ‘त’ दंत्य, म्हणून बाटली इंग्रजीकडे व फीत पोर्तुगीजाकडे जाते. हा नियम निरपवाद नाहीं. बटाटा पोर्तुगीज असून मूर्धन्य आहे आणि तिकीट इंग्रजी असून त्याच्या आरंभीं दंत्य ‘त’ आहे. परंतु नियम माहीत असला म्हणजे अपवाद शोधावासा वाटतो.

या भेदाचा उपयोग कागदाची पारख करण्यास होतो. क्लाइव्हनें बंगाल्यांत शिपायांची पहिली पलटण उभारली ती इ. स. १७५७ मध्यें. शिवकालीन म्हणविणाऱ्या पत्रांत ‘पलटण’ आढळली, तर पारख्यानें तेथेंच थांबावें. तथापि तेवढ्यावरून पत्र बनावट ठरवूं नये. मागाहून नक्कल करणारानें आपल्या काळचा शब्द घातला असण्याचा संभव असतो. लगाम, पगार अशा शब्दांवरून मात्र संशय घेण्याचें कारण नाहीं.

पुस्तकी मार्ग पुष्कळ उशिरा खुला झाला, आणि तोही प्रथम साहेबांसाठीं. कॅरेनें इ. स. १८०५ मध्यें श्रीरामपुराहून मराठीचें व्याकरण काढलें व त्यास नित्याच्या विषयांवरील संवाद जोडले, इ. स. १८१० मध्यें त्याचा कोश मोडी टाइपांत निघाला. इ. स. १८२४ चा व्हॅन्स केनेडीचा व इ. स. १८३१ चा मोल्स्वर्थचा, हे कोशही मुख्यतः मराठी शिकूं इच्छिणाऱ्या इंग्रजांच्या सोयीचे. इ. स. १८३२ मध्यें बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दर्पण’ काढलें, त्यांत एका बाजूस इंग्रजी व दुसऱ्या बाजूस मराठी मजकूर असे. शब्द कानानें येतो. परंतु एका भाषेंतील म्हणणें दुसरीच्या वळणानें कसें मांडावें, हें असे दोन रकाने शेजारीं ठेवूनच कळतें. मोल्स्वर्थनें आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीनें इ. स. १८४७ मध्यें पुरा केला, आणि पुढें द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें ही रीत घरोघर नेली.

छापील ग्रंथ ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. भीति आहे ती हातानें लिहिलेल्या कागदांची. जुन्या बाडांच्या कोऱ्या पानांवर, हिशेबाच्या वहीच्या शेवटीं, कित्त्याच्या मागच्या बाजूस कोणीं इंग्रजी शब्द मोडींत किंवा बाळबोधींत टिपून समोर अर्थ लिहिलेला असल्यास, संग्राहक तें पान टाकाऊ समजतो. रुमालांतील सनदा व खलिते निवडून घेतो व उरलेलें वाण्याच्या पुड्यांस जातें. अशा टिपणाला राजकारणांत किंमत नसेल; परंतु टिपणारानें काय ऐकलें व त्याचा अर्थ काय केला, हें दुसऱ्या कोणत्याही साधनांत मिळत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती एवढीच, कीं अशीं पानें बाडापासून फाडून अलग करूं नयेत. ज्या घराण्याच्या दप्तरांत मिळालीं त्याची नोंद ठेवावी. आणि नक्कल करतांना एकही अक्षर सुधारूं नये. ‘इष्टूर’चा ‘स्टुअर्ट’ करणें म्हणजे लिहिणाराची चूक दुरुस्त करणें नव्हे. त्याच्या कानाची साक्ष पुसून टाकणें होय.