कुत्र्याची बखर

इतिहास जेते लिहितात, असे म्हणतात. साफ खोटे! इतिहास ज्यांना लिहिता येते ते लिहितात. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या पायाशी बसला, पण त्याने कधी एक कागद काळा केला नाही. फार तर फाडला. म्हणून आमच्या वाशीच्या ब्लॉकमधल्या मोत्याच्या वतीने ही बखर मीच लिहितो आहे. मी बँकेतला कारकून. दुसऱ्याने सांगावे आणि आपण नोंद करावी, याची सवय आहे.

मोत्याच्या लेखी इतिहासाचे कालखंड दोनच : पोळीपूर्व आणि पोळीउत्तर. पण एक सन त्याच्या जातभाईंनी विसरू नये : १८३२. त्या काळी मुंबई सरकार उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारवून घेई. कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आता नगावर पैसे मिळत असताना मोकाट कोण आणि पाळीव कोण, ही चौकशी कोण करणार? मेलेला कुत्रा काही मालकाचं नाव सांगत नाही! त्या वर्षी मोहिमेची मुदत १५ जूनपर्यंत वाढवली आणि पकडणारे घरची कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी मंडळी खवळली. त्यांच्याकडे मृत माणसावर कुत्र्याची नजर पाडण्याचा विधी असतो, त्याला सगदीद म्हणतात. म्हणजे कुत्रा नुसता दारातला नव्हे, धर्मातलाही. ६ जूनला कोटात दंगल उसळली. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, हिंदू नि जैनही सामील, आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडली. मोत्याच्या मते इतका समंजस संप दुसरा झाला नाही. साहेबाचा पाव अडवल्याशिवाय साहेबाला कुत्र्याची किंमत कळत नाही! पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली.

आता खाडी ओलांडून अलीकडे येऊ. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. या गावांतून आगरी-कोळ्यांच्या दारात कुत्री होतीच. ती पाळीव की भटकी? हा प्रश्न तिथे कुणी विचारला असता, तर लोक त्याच्याकडेच बघत राहिले असते. कुत्रा आळीचा असे. सकाळी या घरी भाकरी, रात्री त्या घरी मासळीचे काटे, आणि भुंकणं सगळ्यांसाठी. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ते आख्ख्या आळीचं जॉइंट अकाउंट होतं. कुणीही भरावं, कुणीही काढावं.

जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या बाजूला मोठं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. इथे बखरकाराचीही लेखणी जरा थांबते. त्या रक्तातून साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. कुत्र्यांनी टक्का मागितला नाही. पण अंगणाचे ब्लॉक झाले, ब्लॉकची सोसायटी झाली, सोसायटीला गेट आलं आणि आळीचं ते जॉइंट अकाउंट कुणी चालवीना. कुत्रा होता तिथेच होता. त्याच्या नावापुढे फक्त शेरा पडला, 'भटका'.

पुढे तर रंगही बदलला. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत चक्क निळी कुत्री हिंडताना दिसली. एका कारखान्याचा रंग त्यांच्या अंगावर बसला होता. ओरड झाली, प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करायला लावला. पंचतंत्रात कुत्र्यांनी पाठलाग केलेला कोल्हा निळीच्या पिंपात पडतो आणि जंगलाचा राजा होतो. तळोज्यात पाठलाग करणारेच निळे झाले, पण राज्य कसलं काय, भाकरीही मिळाली नाही!

कायद्याने मात्र एक गोष्ट मानली. २००१ च्या नियमांत आणि पुढे २०२३ च्याही नियमांत आहे, की नसबंदी करून लस टोचलेला कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा. म्हणजे त्यालाही मूळ गाव आहे! २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची कुत्री कायमची हलवायचा हुकूम दिला आणि अकरा दिवसांत तो सौम्य केला. पिसाळलेल्या नि हल्लेखोर कुत्र्यांना मात्र परत सोडायचे नाही. नोव्हेंबरात शाळा-इस्पितळांची आवारं मोकळी करायला सांगितलं. ज्याच्या पोराची पोटरी फाटली आहे, त्याला बखर वाचून दाखवू नये, हे मलाही कळतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली, की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. लस हवी, नसबंदी हवी, आणि ती कागदावर नको.

पण मोत्याचं म्हणणं निराळं आहे. तो बेलापूरच्या एका आळीत जन्मला. आमच्या पोरांनी एक पोळी टाकली आणि खातं आमच्या नावावर फिरलं. त्याचा सख्खा भाऊ तिथेच राहिला. आई एक, रंग एक, कान तसेच पडलेले. एकाला वर्षाला इंजेक्शन आणि रविवारी आंघोळ, दुसऱ्याला दगड. दोघांत फरक एका पट्ट्याचा, आणि तो पट्टा बाजारात मिळतो.