खोकड, कुत्रे आणि हुकलेली गोळी

कोल्ह्याला द्राक्षे आंबट लागली ती मराठीत. मूळ गोष्टीतला प्राणी कोल्हा नव्हे. तो खोकडाच्या जातीचा. पण आपल्याकडे लबाडीचा मान पंचतंत्रापासून कोल्ह्याकडे असल्यामुळे भाषांतरकारांनी इसापाच्या खोकडाला कोल्हा करून टाकले, आणि ते इतके बेमालूम जमले की आज कोणाला त्यात काही खटकत नाही. गंमत अशी की हीच अदलाबदल इंग्रज साहेबानेही केली. हिंदुस्थानात आल्यावर त्याला खोकडाची शिकार हवी होती. इथले खोकड लहान, त्यामागे घोडा दामटण्यात मजा नाही. मग उटकमंडला आणि पेशावरला विलायतेच्या पद्धतीने शिकारी कुत्र्यांचे कळप बाळगले गेले, लाल डगले चढवले गेले आणि पाठलाग झाला तो कोल्ह्याचा. आम्ही या लेखात मात्र विलायती प्राण्याला खोकडच म्हणणार आहोत. कारण लेख त्याच्याविषयी आहे. किंवा खरे सांगायचे तर त्याच्यावर झाडलेल्या आणि न लागलेल्या गोळीविषयी आहे.

खोकडावर गोळी झाडणे या साध्या कृतीचा इंग्लंडातला इतिहास मोठा चमत्कारिक आहे. सोळाव्या शतकात खोकड म्हणजे निव्वळ उपद्रव. 1566 साली एलिझाबेथ राणीच्या पार्लमेंटने धान्यरक्षणासाठी एक कायदा केला, त्यात गावोगावच्या चर्चच्या अधिकाऱ्यांनी उपद्रवी प्राण्यांच्या मुंडक्यांमागे इनाम द्यावे असे ठरले. खोकडाच्या मुंडक्याला बारा पेन्स मिळत, आणि त्या काळी ती रक्कम क्षुल्लक नव्हती. 1641 मध्ये स्ट्रॅफर्डच्या उमरावाला देहान्त द्यावा असा युक्तिवाद करताना ऑलिव्हर सेंट जॉन या वकिलाने खोकडाचाच दाखला दिला. ससा आणि हरीण यांना शिकारीचे नियम लागू होतात, त्यांना पळायला वाव द्यावा लागतो. खोकड आणि लांडगा सापडतील तिथे ठेचावेत, त्यात क्रौर्य नाही आणि दगाही नाही, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. स्ट्रॅफर्डचे मुंडके उडाले. खोकडाची प्रतिष्ठा त्या दिवशी किती होती, हे यावरून कळावे.

पुढच्या दीडशे वर्षांत ही प्रतिष्ठा पार उलटी झाली. राने तुटली, यादवीत हरणांचे कळप विरळ झाले, आणि घोडे बाळगून असलेल्या जमीनदार वर्गाला मागे धावण्यासाठी दुसरे काहीतरी हवे झाले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लेस्टरशायरमध्ये ह्यूगो मेनेल याने अधिक वेगवान कुत्र्यांची पैदास केली आणि खोकडाच्या शिकारीला घोडदौडीचे रूप दिले. आता शिकार साधायची तर खोकड जिवंत हवे, ताजेतवाने हवे आणि भरपूर हवे. त्यासाठी काटेरी झुडपांची राने मुद्दाम लावली गेली. कोंबड्या गेल्या तर शेतकऱ्याला भरपाई देण्यासाठी शिकारमंडळांनी निधी ठेवले. एवढे करूनही खोकडे कमी पडू लागली, तेव्हा युरोपातून आणून लंडनच्या लेडनहॉल बाजारात ती विकली गेली. ज्याच्या मुंडक्याला राणीच्या राज्यात इनाम होते, तोच प्राणी आता पैसे मोजून आणावा लागत होता!

पण उपद्रवाचे जुने सोंग सोडायला कोणी तयार नव्हते. कारण त्या सोंगात कायद्याची सोय होती. उपद्रवी प्राणी मारण्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीत शिरले तर चालते, असा निवाडा 1786 मध्ये एका खटल्यात झाला होता. 1809 साली एसेक्सच्या अर्लने एका शिकारमंडळाविरुद्ध फिर्याद केली, तेव्हा न्यायमूर्ती एलनबरो यांनी प्रश्न नेमका धरला. मंडळींचा हेतू शेजाऱ्याची कोंबडी वाचवण्याचा होता की पाठलागाची मौज लुटण्याचा? मौजेचा असेल तर ते अतिक्रमण. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होते. निकाल अर्लच्या बाजूने लागला. शिकारी मात्र पुढेही त्याच जोमाने शेते तुडवीत राहिले. ज्याची जमीन होती तो बहुधा त्यांच्याच पंगतीतला होता, किंवा त्यांचे कूळ होता.

या व्यवस्थेत बंदुकीचे स्थान काय? कायद्याने विचाराल तर खोकडाला गोळी घालणे हा गुन्हा नव्हता. 1831 च्या शिकारविषयक कायद्यातील संरक्षित प्राण्यांच्या यादीत खोकड नाही. समाजाने विचाराल तर त्याहून नीच कृत्य नव्हते. त्यासाठी एक खास लॅटिन घाटाचा शब्द घडवला गेला, व्हल्पिसाइड, म्हणजे खोकडहत्या. पितृहत्येच्या चालीवर. सुरुवातीस त्यात थट्टा असेल. पण ज्याच्यावर हा शिक्का बसे त्याच्या दृष्टीने थट्टा संपलेली असे. अँथनी ट्रॉलप स्वतः या शिकारीचा वेडा. त्याच्या 1877 च्या ‘द अमेरिकन सेनेटर’ या कादंबरीत एक खोकड विष घालून मारले जाते आणि अख्खा परगणा पेटून उठतो; पाहुणा आलेल्या अमेरिकन गृहस्थाला मात्र एका उपद्रवी जनावरासाठी एवढा आकांत कशाला, हेच उमगत नाही. तितरांच्या जातीचे पक्षी पाळणारे रखवालदार रात्री गुपचूप खोकडे मारीत, सकाळी मालकासमोर कानांवर हात ठेवीत. अशा रात्री गोळी हुकली तर पंचाईत दुहेरी असे. खोकड वाचे, आणि आवाज मात्र गावाला ऐकू जाई.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो, पुढे ती लागेल. त्या दोन शतकांत बंदुकीविरुद्ध जे जे बोलले गेले, त्यात खोकडाच्या वेदनेचा मुद्दा केंद्रस्थानी नव्हता. गाऱ्हाणे हे की गोळी लागते, आणि उद्याची दौड बुडते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदूकच बदलली. छऱ्यांच्या बंदुकीच्या जागी दुर्बीण लावलेली रायफल आली आणि तिच्या जोडीला प्रखर दिवा. ही शिकार रात्रीची आणि एकट्यादुकट्याची. शिवारावरून दिव्याचा झोत फिरवायचा; खोकडाच्या डोळ्यांतील पडद्यामागचा थर प्रकाश परतवतो, दोन ठिपके चमकतात. शिकारी ओठ हाताच्या पाठीला लावून जखमी सशासारखी चिरकी हाक काढतो. खोकड थांबते, कान टवकारते, कधी थेट दिव्याकडे चालत येते. मग गोळी.

आणि ती हुकते कशी? कारणे पुष्कळ आहेत. खोकड दिसते त्याहून फार लहान असते. हिवाळ्यातल्या दाट केसांखाली जेमतेम पाचसहा किलोचा देह, आणि हृदय-फुप्फुसांची जागा तळहाताएवढी. रात्री अंतराचा अंदाज चुकतो. झोतातली वस्तू जवळची वाटते. वारा असतो. दुर्बीण गाडीत आदळून तिचा मेळ किंचित ढळलेला असतो. प्राण्याच्या मागे उंचवटा नसेल तर गोळी कुठवर जाईल याचा भरवसा नाही, म्हणून शहाणा माणूस चाप ओढतच नाही. उतावळा ओढतो, आणि ऐन वेळी खोकड एक पाऊल पुढे टाकते.

अशा गोळीचे परिणाम तीन. खोकड जागीच मरते. किंवा गोळी साफ हुकते. मग त्याला फक्त धडा मिळतो, आणि पुढे दिवा दिसला की ते पसार होते. तिसरा परिणाम असा की गोळी जबड्याला, पोटाला वा मागच्या पायाला चाटून किंवा फोडून जाते आणि खोकड कुंपणापलीकडच्या अंधारात दिसेनासे होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या परिणामांतला भेद दिव्यामागच्या माणसाला पुष्कळदा कळत नाही. गोळी मांसात शिरल्याचा धप्प आवाज कधी ऐकू येतो, कधी येत नाही. तो घरी जाऊन ‘हुकली’ म्हणतो. खोटे बोलत असतो असे नव्हे. पण हुकलेल्या गोळीचा साक्षीदार एकटा तोच असतो, आणि हुकली असे मानणे त्याच्या सोयीचे असते.

इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे अखेर हाच अंधार येऊन उभा राहिला. 1997 च्या नोव्हेंबरात कुत्र्यांच्या शिकारीवर बंदी आणणाऱ्या विधेयकाच्या बाजूने 411 आणि विरुद्ध 151 मते पडली. ते विधेयक पुढे गेले नाही. सरकारने लॉर्ड बर्न्स यांच्याकडे चौकशी सोपवली, तिचा अहवाल 2000 च्या जूनमध्ये आला. नोंदणीकृत कळप वर्षाला 21 ते 25 हजार खोकडे मारतात असा त्यांचा अंदाज. कुत्रे मानेला एकच चावा घेऊन मारतात ही शिकाऱ्यांची लाडकी समजूत अहवालाने मानली नाही, मात्र बहुतेक वेळी मृत्यू काही सेकंदांत येतो हे मान्य केले. मग प्रश्न पर्यायाचा. नीट केलेली रात्रीची रायफल-शिकार खोकडाच्या दृष्टीने कुत्र्यांहून बरी, असे बर्न्स म्हणाले. छऱ्यांच्या बंदुकीविषयी, विशेषतः दिवसाच्या शिकारीत, त्यांना तशी खात्री देता आली नाही.

ही फट शिकारपक्षाने अचूक हेरली. कुत्रे जखमी करून सोडत नाहीत, ते मारतात किंवा खोकड धडधाकट निसटते. जखमी करते ती बंदूक. तीन पक्षांच्या खासदारांच्या एका मध्यममार्गी गटाने यावर अभ्यासही करवला. कमीअधिक कौशल्याच्या नेमबाजांकडून खोकडाच्या आकाराच्या कागदी लक्ष्यांवर वेगवेगळ्या बंदुकांनी गोळ्या झाडवल्या आणि कोणती गोळी मारणारी, कोणती जखमी करणारी, कोणती हुकलेली हे ठरवले. 2005 मध्ये तो प्रसिद्ध झाला. हात, हत्यार आणि काडतूस बदलले की जखमांचे प्रमाण बदलते, असे त्यातून दिसले. कागदाचे खोकड हलत नाही, आणि खरा शिकारी खात्री नसेल तर थांबू शकतो, हे आक्षेप उघडच आहेत.

आमचे मत विचाराल तर हा युक्तिवाद करणाऱ्यांचे तोंड तो करण्यासारखे नव्हते. ज्यांच्या पणजोबांनी खोकडावर गोळी झाडणाऱ्याला वाळीत टाकले ते गोळी लागते म्हणून, त्यांनीच आता गोळी नीट लागत नाही म्हणून गळा काढावा, हे जरा अति झाले. बिळात दडलेले खोकड टेरियर सोडून आणि खणून बाहेर काढण्याविषयी हीच मंडळी फारसे बोलत नसत. पण बोलणारा कोण यावरून मुद्दा खोटा ठरत नाही. बंदीवाल्यांनी त्याला जे उत्तर दिले ते फार तर अर्धे होते. त्यांचा सगळा आवेश लाल डगल्यांविरुद्ध खर्ची पडला. डगला दिसतो, शिंग वाजते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. दिव्यामागचा माणूस दिसत नाही. 2004 च्या सप्टेंबरात निदर्शक थेट कॉमन्सच्या सभागृहात घुसले, बाहेर चौकात डोकी फुटली. त्या सगळ्या गदारोळात पायाला गोळी लागलेल्या खोकडाची बाजू मांडणारे थोडेच होते.

कायदा उमरावांच्या सभेला वळसा घालून मंजूर झाला आणि 18 फेब्रुवारी 2005 पासून इंग्लंड व वेल्समध्ये अमलात आला. दोन कुत्र्यांनी खोकड झुडपातून उठवायला काही अटींवर मुभा राहिली. उठल्यावर ‘सक्षम’ व्यक्तीने त्याला शक्य तितक्या लवकर गोळी घालून ठार करावे यासाठी वाजवी काळजी घ्यायची. सक्षम कोणाला म्हणावे, हे कायदा सांगत नाही. गोळी हुकली तर काय, हेही त्या कलमात नाही.

स्कॉटलंडने 2002 मध्येच वेगळा कायदा केला होता. त्यात बंदुकीसमोर खोकड आणण्यासाठी अख्खा कळप वापरण्याची मुभा होती; ती पळवाट ठरते की काय हे तपासायला लॉर्ड बोनोमी यांचा अहवाल 2016 मध्ये आला, आणि 2023 मध्ये नवा कायदा झाला. तिथेही आता कुत्रे दोनच. पण त्याच्या अटींत एक भर आहे. गोळीने प्राणी मेला नाही, नुसता जखमी झाला, तर त्याला कमीत कमी वेदना होतील अशा रीतीने मारण्यासाठी वाजवी प्रयत्न झाले पाहिजेत, आणि त्या कामी कुत्रा वापरायचा नाही. म्हणजे माणसाने दिवा घेऊन कुंपण ओलांडायचे, आणि हुकली की लागली ते स्वतः जाऊन पाहायचे.