कुंती नदी आणि सैरंध्रीचे वन

नदी मोठी असेल तरच तिला इतिहास असतो, असा आपला एक समज आहे. गंगा-गोदावरींच्या काठी राज्ये उभी राहिली, तीर्थे वसली. त्यांचे इतिहास लिहिले गेले. केरळातील कुंती नदीच्या वरच्या खोऱ्यात कोणतीही राजधानी वसली नाही. तरीही स्वतंत्र भारताच्या इतिहासातील एक प्रकरण या आखूड नदीच्या नावावर आहे. ते समजून घ्यावयाचे तर आधी तिचा भूगोल पाहिला पाहिजे.

निलगिरीच्या उंच कडांवर उगम पावून ही नदी दक्षिणेकडे वाहते. सुमारे १५ किलोमीटरपर्यंत तिच्या दोन्ही काठांस सदाहरित अरण्य आहे. उत्तरेस व पूर्वेस निलगिरीचे उभे कडे. दक्षिणेस नदी एका खोल घळीतून पालघाटच्या सपाटीवर उतरते. पुढे तिचे पाणी भारतपुळा नदीतून पोन्नानीजवळ अरबी समुद्रास मिळते. या खोऱ्याला इंग्रजांनी ‘सायलेंट व्हॅली’ म्हटले. येथे रातकिड्यांची किरकिर नाही म्हणून, असे कोणी सांगतात. ‘सैरंध्री’ या स्थानिक नावाचा तो अपभ्रंश, असेही कोणी मानतात.

या नैसर्गिक तटबंदीमुळे अरण्य पुष्कळ अंशी टिकले. परंतु ज्या घळीने माणसाला दूर ठेवले, तिनेच त्याला बोलावलेही! अरुंद घळ आणि बारमाही पाणी, धरणास याहून सोयीची जागा कोणती? १९७३ साली १२० मेगावॉटच्या वीजप्रकल्पास नियोजन आयोगाने संमती दिली. मलबारला विजेची निकड खरोखरच होती. कोयनेच्या विजेवर दिवे लावणाऱ्या आम्हा महाराष्ट्रीयांना ती मागणी क्षुल्लक कशी म्हणता येईल?

परंतु सुमारे ८ चौरस किलोमीटर वन जलाशयाखाली जाणार होते. सिंहपुच्छी वानर झाडांच्या शेंड्यांवरूनच हिंडते, जमिनीवर क्वचित उतरते. त्याला सलग अरण्य हवे. नेमके तेच दुभंगणार होते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने लोकांसमोर हिशेब मांडला, कवयित्री सुगतकुमारींनी लेखणी उचलली, मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी सरकारला विनविले. अखेर डॉ. मेनन समितीच्या अहवालानंतर १९८३ साली प्रकल्प सोडण्यात आला. १९८४ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

सैरंध्री हे विराटाघरी अज्ञातवासात राहिलेल्या द्रौपदीचे नाव. तिच्या नावाचे हे वन शतकानुशतके कड्यांच्या आड सुरक्षित होते. यंत्रयुगात कडे अपुरे पडले. तेव्हा लोकांच्या विवेकाने त्याला राखले. भूगोलाने जे सांभाळले, ते पुढे सांभाळण्याचे काम आता इतिहासाकडे, म्हणजे आपल्याकडेच, आले आहे.