'देशात पहिल्यांदाच' म्हणण्याआधी नांगल आठवा

परवा तालुक्याला शेतकरी मेळावा झाला. मंचावरून एक वक्ते म्हणाले, "सौर विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि त्याचं खत करायचं. इथंच, आपल्या तालुक्यात. देशात पहिल्यांदाच!" टाळ्या पडल्या. मी बातमी दिली, पण 'पहिल्यांदाच' हा शब्द गाळून.

कारण आपल्या देशात हे 1961 साली झालंय. पंजाबात नांगलला सरकारी खत कारखाना सुरू झाला. वीज भाक्रा-नांगल प्रकल्पाची, पाणी सतलजचं. विजेनं पाण्याचं विघटन करून हायड्रोजन काढायचा, त्याला हवेतला नायट्रोजन जोडून अमोनिया करायचा. कोळसा नाही, तेल नाही. आज ज्याला आपण 'ग्रीन' म्हणतो तेच, फक्त तेव्हा कुणी तसं म्हणत नव्हतं. त्याच कारखान्याला जोडून अणुभट्ट्यांसाठी जड पाणीही निघायचं. नॉर्वेत तर हे त्याच्याही आधीपासून चालू होतं.

आता मेळाव्यात कुणी बोललं नाही ते सांगतो. नांगलच्या या हायड्रोजनपासून युरिया नाही, कॅल्शियम अमोनियम नायट्रेट बनायचं. युरियाला कार्बन डायऑक्साइड लागतो. गॅसवरच्या कारखान्यात तो हायड्रोजनसोबतच मिळतो, पाण्यातून कुठून मिळणार? आणि आपल्याकडे दुकानापुढं रांग लागते ती युरियाच्या गोणीसाठी.

दुसरी गोष्ट विजेची. 1 टन अमोनियाला साधारण 177 किलो हायड्रोजन लागतो आणि किलोमागं 50 युनिटच्या वर वीज. म्हणजे टनाला जवळपास 9,000 युनिट! नांगलची वीज पुढं पंपांना हवी झाली, कारखान्यांना, घरांना हवी झाली. 1978 मध्ये तिथं फ्युएल ऑइलवरचा प्रकल्प आला, 2013 मध्ये तो गॅसवर गेला. पाण्यापासूनचा हायड्रोजन मागं पडला.

2023 मध्ये केंद्रानं 19,744 कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. सौर वीज स्वस्त झालीय हेही खरं, त्यामुळं या वेळी गणित जमेलही. मी काही विरोधात नाही.

पण आपल्याकडे रात्री-अपरात्री दारं धरायला जाणाऱ्याला आत्ता कुठं सौर फिडरवर दिवसा वीज मिळू लागलीय. मेळावा संपल्यावर वक्त्यांना गाठून विचारलं, "साहेब, दुपारची वीज पंपाला की खताला?"

"धोरण येतंय," म्हणाले आणि गाडीत बसले.