मंगलोरी कौलांचे छप्पर

मंगलोरी कौलांचे छप्पर म्हणजे यंत्रावर दाबून घडवलेल्या, भट्टीत भाजलेल्या व एकमेकांत अडकणाऱ्या मातीच्या कौलांनी आच्छादलेले उतरते छप्पर होय. कर्नाटकाची किनारपट्टी, केरळ, गोवा आणि महाराष्ट्रातील कोकण या भागांत अशी छपरे मोठ्या प्रमाणावर आढळतात. छप्पर गळणार की नाही, हे कौलाच्या प्रतीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, छपराचा उतार, रिपांमधील अंतर आणि कौले मांडणाऱ्या कारागिराचे कौशल्य यांवर ठरते.

इतिहास

मंगलोरी कौल येण्यापूर्वी कोकणातील घरे गवताने किंवा नळीच्या कौलांनी शाकारलेली असत. कुंभाराने घडवलेली ही अर्धगोल कौले केवळ स्वतःच्या वजनावर रचलेली असल्याने वाऱ्याने व माकडांच्या वावराने सरकत आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती उतरवून पुन्हा रचावी लागत.

एकमेकांत अडकणाऱ्या कौलाची कल्पना मूळची युरोपीय आहे. अल्सास प्रांतातील आल्टकिर्श येथील जिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये अशा कौलाचे पेटंट घेतले. भारतात ते बासेल मिशन या स्विस-जर्मन मिशनरी संस्थेमार्फत आले. संस्थेने 1834 मध्ये मंगळूर येथे कार्य सुरू केले होते. तेथील धर्मांतरितांना जातीबाहेर पडल्यावर उपजीविकेचे साधन उरत नसे, म्हणून संस्थेने विणकाम व कौलांचे कारखाने काढले. गेओर्ग प्लेब्स्ट यांच्या पुढाकाराने 1865 मध्ये नेत्रावती नदीकाठी कौलांचा कारखाना उभा राहिला. नदीकाठची चिकणमाती, भट्टीसाठी जंगलातील लाकूड आणि बंदराची सोय या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र मिळाल्या. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने संस्थेचे कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले. पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले.

जुन्या कौलांच्या पाठीवर कारखान्याचे नाव व ‘1865’ असा आकडा आढळतो. त्यावरून घर त्या वर्षीचे असल्याचा समज अनेकदा होतो. प्रत्यक्षात ते कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष असून कौल पुष्कळ नंतरचे असू शकते.

कौलाची पारख

मंगलोरी कौलासाठी भारतीय मानक ‘आयएस 654’ हे आहे. त्यात पाण्याचे शोषण, मोडण्यापूर्वी पेलला जाणारा भार इत्यादी कसोट्यांनुसार ‘एए’ व ‘ए’ असे दोन वर्ग केले आहेत. कौलाची लांबी साधारण 41 ते 42 सेंमी, रुंदी 23 ते 26 सेंमी व वजन 2 ते 3 किलो असते. एक चौरस मीटर छपरास सुमारे 15 कौले लागतात.

प्रयोगशाळेविना होणारी पारख जुनीच आहे. नीट भाजलेले कौल बोटाच्या सांध्याने वाजवल्यास खणखणीत आवाज देते. कच्चे किंवा तडा गेलेले कौल बद्द वाजते. शोषण पाहण्यासाठी कोरडे कौल तोलून 24 तास पाण्यात बुडवतात व पुन्हा तोलतात. वजनात पडलेला फरक म्हणजे शोषलेले पाणी. जास्त पाणी पिणारे कौल पावसाळाभर ओले राहते, त्यावर शेवाळ धरते आणि वाशांवरचा भारही वाढतो. रंग ही मात्र भरवशाची खूण नाही. गडद तांबडा रंग मातीतील लोहामुळे येतो किंवा नंतर लावलेलाही असतो.

सपाट जागेवर चार-पाच कौले एकमेकांत अडकवून पाहणे ही याहून उपयुक्त कसोटी होय. भाजताना वाकलेली कौले खोबणीत नीट बसत नाहीत आणि त्या फटीतून वाऱ्यासोबत पाणी आत येते. निरनिराळ्या कारखान्यांच्या साच्यांत थोडा फरक असल्याने एका पाख्यावर दोन प्रकारची कौले मिसळणे टाळले जाते. पाडलेल्या घरांची जुनी कौले विकत घेताना याच कारणासाठी त्यांवरील छाप पाहिले जातात.

सांगाडा व मांडणी

आढे, वासे व त्यांवर आडव्या ठोकलेल्या रिपा असा छपराचा सांगाडा असतो. कौलाच्या मागील उंचवटे रिपेत अडकतात. दोन रिपांमधील अंतर कौलाच्या मापानुसार 30 ते 35 सेंमी ठेवतात. ते वाढल्यास वरच्या कौलाचा खालच्या कौलावरील चढाव कमी होतो आणि पाणी उलटे शिरते. हे अंतर प्रत्यक्ष आणलेल्या कौलावरूनच ठरवावे लागते. आधी रिपा ठोकून मग कौले आणणे हे अनेक गळक्या छपरांचे मूळ असते. कोकणातील पावसात पाख्याचा उतार साधारण 30 अंश किंवा त्याहून अधिक ठेवला जातो.

कौले वळचणीकडून आढ्याकडे चढवत नेतात. दोन्ही पाख्यांवर सारखाच भार येईल अशा बेताने काम पुढे सरकते. आढ्यावर कोने बसवून सांधे चुन्याने किंवा सिमेंटने भरतात. वाऱ्याची उचल वळचण, आढे व कडा येथे सर्वाधिक असते. म्हणून तेथील कौले त्यांच्या भोकातून तार ओवून रिपेला बांधतात. हे वेळखाऊ काम खर्च वाचवण्यासाठी सर्रास गाळले जाते आणि पाहणाऱ्याला खालून ते कळतही नाही.

कारागीर

सांगाडा सुतार उभारतो, तर कौले चढवणे व शाकारणी ही कामे अनुभवी गडी करतात. या कामासाठी खास परवाना किंवा प्रमाणपत्राची प्रथा नाही, त्यामुळे कारागिराची निवड त्याच्या आधीच्या कामावरून होते. नव्या छपरापेक्षा एक-दोन पावसाळे सोसलेले छप्पर पाहणे अधिक बोलके ठरते. तेथे कौलांच्या ओळी सरळ राहिल्या आहेत का, वाशांवर पाण्याचे डाग आहेत का, भिंतीला टेकणाऱ्या सांध्यातून ओल येते का, हे पाहिले जाते. मजुरी रोजावर किंवा ब्रासवर (100 चौरस फूट) ठरते. ब्रासवर काम उरकण्याकडे कल असतो, म्हणून तार बांधणी, चढवताना फुटलेल्या कौलांची भरपाई आणि पहिल्या पावसानंतरची दुरुस्ती यांचा उल्लेख ठरावातच असणे इष्ट असते.

सद्यःस्थिती

माकडांचा उपद्रव, लाकडाची वाढती किंमत आणि शाकारणी जाणणाऱ्या माणसांची टंचाई यांमुळे कोकणात पत्र्याची छपरे वाढत आहेत. पत्रा हलका व स्वस्त पडतो, परंतु उन्हात तापतो आणि पावसात त्याचा आवाज मोठा असतो. काही ठिकाणी खाली पत्रा व वर शोभेपुरती कौले अशी जोड केली जाते.

3 जून 2020 रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळात रायगड व उत्तर रत्नागिरीतील असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले. सुटे कौल उडाले तर एकेक बदलता येते, पत्र्याचे पूर्ण पानच जाते. मात्र ऐन पावसाळ्याच्या तोंडावर बदलण्यासाठी त्याच साच्याची कौले हाताशी असावी लागतात. म्हणूनच जाणती कुटुंबे छप्पर घालतानाच काही कौले जास्तीची घेऊन माळ्यावर किंवा परसात रचून ठेवतात.