दाढ गेली, शेजारी राहिले

इ.स.पू. 1300च्या आसपासचं दायमाबाद. प्रवरेच्या डाव्या काठावर, आज जिथे श्रीरामपूर तालुका आहे तिथे, कुडाच्या भिंतींच्या घरात तुम्ही जेवायला बसला आहात. समोर तांबूस मडकं, त्यावर काळी नक्षी. पुढे कधीतरी संगमनेरजवळच्या जोर्व्याचं नाव ह्या भांड्यांना मिळेल; तुम्हाला मात्र मडक्यातल्या जव-मसुरीशी मतलब. घास तुम्ही डावीकडेच फिरवता, कारण उजवी खालची दाढ ठणकतेय. पाट्यावर रगडलेल्या धान्यात दगडाची कचकच असतेच. तिनं दाढेचा माथा झिजलाय, आता मधोमध खड्डा पडलाय. अखेर कुणीतरी हलवून हलवून ती उपटतं. तोंडभर रक्त, मग सुटका. रिकाम्या जागेत काही बसवावं, हे कुणाच्या मनातही येत नाही.

ह्याच गावात 1974 साली जमिनीतून काशाचा बैलरथ, हत्ती, गेंडा आणि रेडा निघाले. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. ती शिल्पं आधी मेणात घडवून, मेण वितळवून त्या जागी धातू ओतून केली असं मानलं जातं. हे तंत्र लक्षात असू द्या. दाताच्या कामात ते रूढ व्हायला 1907 साल उजाडावं लागलं, तेही अमेरिकेत. सोन्याच्या पट्टीनं शेजारच्या दातांना नकली दात बांधायची युक्ती मात्र इटलीतल्या एट्रुस्कन लोकांनी तुमच्यानंतर सहा-सातशे वर्षांतच काढली.

आता 1590चं अहमदनगर. शहर वसून शंभर वर्षं झालीत, किल्ल्याला दगडी तट चढलाय. दाढ पुन्हा तीच, खालची उजवी. त्यात नवल नाही: ही दाढ सहाव्या वर्षीच येते, दुधाचे दात अजून पडायचे असताना. घरच्यांना ती दुधाचीच वाटते, ‘पडेल आपोआप’ म्हणून कुणी लक्ष देत नाही, आणि पक्क्या दातांत बहुधा तीच आधी किडते. वैद्याकडे जा. वरचा दात हलत असला तरी उपटू नये, असं सुश्रुतानं बजावलंय. तुमची दाढ खालची, म्हणजे शास्त्राचीही आडकाठी नाही. बाजारात चिमटा घेऊन बसलेला माणूस गुडघ्यात तुमचं डोकं धरतो आणि काम उरकतो.

इथे मात्र लगेच निघू नका. जरा थांबा, वर्षं भरभर जाऊ द्या आणि आतून बघत राहा. दाढ गेली, दुखणं गेलं, असं तुम्ही म्हणताय. तोंड तसं म्हणत नाही. मागची दाढ मोकळ्या जागेकडे हळूहळू कलतेय. वरच्या दाढेला खालून टेकायला कुणी नाही, म्हणून ती खाली उतरतेय. कललेल्या दाढेच्या फटीत भाकरीचे कण अडकतात, तिथे नवी कीड लागते. जबड्याचं हाड त्या जागी खचत जातं. तुम्ही एकाच बाजूनं चावायला शिकता आणि त्याची सवय होते. एका दातानं सुरू झालेलं प्रकरण चार दातांवर जातं. हे सगळं बिनबोभाट होतं, म्हणून तर आजही निम्मे लोक दाढ काढून दवाखान्यातून जे जातात ते पुन्हा फिरकत नाहीत. (निम्मे हा माझा अंदाज, तुमच्या घरातली तोंडं मोजून बघा.)

1951वर नुसती नजर टाका. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना नुकताच सुरू झालाय, मळीचा वास पसरलाय. जिल्हा साखरेचा होतोय. दंतवैद्यांसाठीचा कायदा 1948चा, पण शिकलेला दंतवैद्य गाठायचा तर वाट मोठ्या शहराची. गावात मिश्री आणि लवंग.

आणि आता तिथून हाकेच्या अंतरावर, लोणीच्या रूरल डेंटल कॉलेजची ओपीडी. तुम्ही खुर्चीत आडवे. ‘कवळी नको, पक्का दात बसवा,’ तुम्ही सांगता. आधी एक्सरे: शेजारच्या दोन दातांची मुळं लांब हवीत, भोवतीचं हाड शाबूत हवं, कारण तिघांचा भार दोघांनी उचलायचाय. मग भूल. मशीनची घरघर, पाण्याचा फवारा, आणि दोन्ही शेजारी चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर घासून लहान केले जातात. हे इनॅमल पुन्हा येत नाही. कुणी ‘काही नाही, थोडंसं घासायचं’ म्हणालं तर त्या ‘थोडंसं’वर विसंबू नका.

माप लॅबमध्ये जातं. तिथे मेणात तीन दात घडतात, मेण जळून जातं, पोकळीत वितळलेला धातू शिरतो: दायमाबादच्या मातीतली ती शिल्पं आठवतात ना? वर सिरॅमिकचा थर चढतो. हल्ली झिर्कोनियाचा ठोकळा संगणकाच्या हुकमानं कोरतात, तिथे मेणाचं काम उरलेलं नाही. काही दिवसांनी हा तीन दातांचा जोड, म्हणजे ब्रिज, बसतो, निळा कागद चावून उंची तपासली जाते, सिमेंट लागतं. मधला दात हिरडीला फक्त टेकलेला, त्याला मूळ नाही. त्याच्याखाली अन्न साचतं, आणि ब्रिज बिघडतो तो बहुतेक वेळा आधाराचा दात कडेनं किडल्यामुळे. तेव्हा खालून ओवायचा जाड फ्लॉस किंवा बारीक ब्रश रोज फिरवा. नीट राखला तर ब्रिज दहा-पंधरा वर्षं सहज चालतो.

एक मात्र मशीन सुरू होण्याआधी करा. शेजारचे दात आधीच भरलेले, रूट कॅनॉल झालेले असतील तर ब्रिजला हरकत नाही. त्यांना कॅप लागणारच होती. पण ते धडधाकट असतील, तर ते घासू देण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘इथे इम्प्लांट, म्हणजे शेजाऱ्यांना न घासता हाडातच रोवलेला दात, बसेल का?’ महाग पडेल, हाड भरायला महिने लागतील, तरी विचारा.